चर्मवस्तूंचे संवेष्टन : राहाता परिसरातील लघुउद्योगाच्या दृष्टीने काही विचार

चामड्याची वस्तू तयार करणारा कारागीर तिच्या वेष्टनाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी करतो. कातडे निवडणे, बेतणे, रापीने कडा तासणे, शिवणे, रंग व पॉलिश देणे ही सर्व कामे उरकल्यानंतर, वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाची वेळ आली की एखादी पिशवी किंवा खोका शोधला जातो. वहाणांच्या धंद्यात हे चालून गेले, कारण जोड दोऱ्याने बांधून दुकानाच्या चौकटीला टांगून ठेवण्याची आपली जुनी रीत होती आणि गिऱ्हाईक तो पायात घालूनच घरी जात असे. परंतु पैशाचे पाकीट, कमरपट्टा, बटवा, चष्म्याचे घर अशा लहान वस्तूंची नवी मालिका काढून ती दूरच्या बाजारात धाडावयाची झाल्यास ही रीत पुरी पडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कारागिराने काही वर्षांपूर्वी हिरड्या-बाभळीने कमावलेल्या कातड्याची पाकिटे ऐन श्रावणात मुंबईच्या एका दुकानास पाठविली. तीन आठवड्यांनी ती परत आली. निम्म्यांवर पांढुरकी बुरशी होती, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच पाकिटांवर ठरावीक जागी, जणू मोजून मारल्यासारखे, काळेनिळे ठिपके होते. शिवणीत किंवा कातड्यात काहीही खोट नव्हती. दोष सर्वस्वी वेष्टनाचा होता. त्या कारागिराच्या वर्षाच्या नफ्याचा मोठा भाग त्या एका खोक्यात गेला. हे दोन्ही दोष का उद्भवतात व ते कसे टाळता येतील, याचे विवेचन हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

राहात्याचा विचार स्वतंत्रपणे करण्यास कारण आहे. हा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथे पाऊस थोडा, उन्हाळा कडक, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांनी तालुक्यात ऊस व पेरूच्या बागा आणल्या, तरी हवेचा मूळ स्वभाव पालटला नाही. विहिरींवर मोटा चालत होत्या तोवर येथील चर्मकाराला मोट, पखाल, आसूड आणि वहाणा यांचे बारमाही काम असे. तेलाची एंजिने व विजेचे पंप आल्यावर मोट गेली आणि तिच्याबरोबर त्या कामाचा मोठा हिस्साही गेला. आज याच तालुक्यातील शिर्डी येथे देशभरातून यात्रेकरू येतात, म्हणजे गिऱ्हाईक दाराशी आले आहे. पण ते हैदराबाद, चेन्नई, मुंबई अशा दमट किंवा निमदमट हवेच्या ठिकाणी परत जाणारे आहे. कोरड्या हवेत बांधलेली वस्तू दमट हवेत उघडली जाणार, हा येथील संवेष्टनाचा मूलभूत प्रश्न होय.

कातड्यातील पाणी

कमावलेले कातडे हा निर्जीव, अविकारी पदार्थ आहे अशी एक समजूत आढळते. ती खरी नाही. कातड्याचे तंतू हे प्रथिनांचे बनलेले असून भोवतालच्या हवेतील बाष्पाशी त्यांची सतत देवघेव चाललेली असते. सापेक्ष आर्द्रता पन्नास ते पासष्ट टक्के असता वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या कातड्यात वजनाच्या साधारण बारा ते अठरा टक्के पाणी असते. हवा दमट झाली की हे प्रमाण वाढते, कोरडी झाली की घटते. आर्द्रता सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली म्हणजे बुरशीची बीजे, जी सर्वत्र असतातच, रुजू लागतात. कातड्यावर दिलेले तेल, चरबी व खळ हे त्यांचे अन्न. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहणे ही नित्याची गोष्ट आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

यावरील उपाय म्हणून खोक्यात सिलिका जेलची लहानशी पुडी टाकण्याचा प्रघात सर्वत्र रूढ झाला आहे. तो कितपत उपयोगी पडतो हे थोडे गणित करून पाहू. समजा, ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद व २० उंच अशा एका खोक्यात ८० ग्रॅम वजनाची वीस पाकिटे आहेत. खोक्याचे आकारमान १५ लिटर झाले. ३० अंश सेल्सिअस तपमानास संपृक्त हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत ते सुमारे २४ ग्रॅम होईल. १५ लिटर हवेत त्यामुळे जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम बाष्प असणार, आणि पाकिटांनी व्यापलेली जागा वजा केल्यास त्याहूनही कमी. आता कातड्याचा हिशेब पाहा. पाकिटांचे एकूण वजन १६०० ग्रॅम. ती पावसाळी दिवसांत बांधल्यामुळे त्यांत चौदाऐवजी अठरा टक्के पाणी असेल, तर जादा पाणी सुमारे ६४ ग्रॅम भरते. हवेतील पाण्याच्या जवळजवळ दोनशेपट पाणी कातड्यातच दडलेले आहे. मध्यम आर्द्रतेस सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव ते तीन दशांश इतके पाणी शोषते असे धरल्यास, हे ६४ ग्रॅम काढून घेण्यास किमान २०० ग्रॅम जेल लागेल. दोन ग्रॅमच्या पुड्या वीस टाकल्या तरी हिशेब जमत नाही. खोक्याचा पुठ्ठाही स्वतःचे पाणी घेऊन आलेला असतो, ते निराळेच.

तात्पर्य असे की, पुडी ही कातडे सुकविण्याचे साधन नव्हे. कातडे बांधण्यापूर्वीच योग्य ओलाव्याच्या स्थितीला आणलेले असले पाहिजे. या बाबतीत राहात्याची हवा ही मुंबईतील धारावीच्या कारागिराला लाभत नसलेली एक नैसर्गिक सोय आहे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत येथील हवा कोरडी परंतु सौम्य असते. त्या काळात तयार माल सावलीत, हवेशीर जागी, एकमेकांवर रास न करता आठ-दहा दिवस उघडा ठेवून मग बांधला, तर पुड्यांवाचूनही तो चांगला राहतो. मे महिन्यातील बांधणी मात्र टाळावी. त्या वेळी कातड्यातील पाणी फार खाली उतरते, ते ताठर होते, घडीवर चिरण्याचा संभव वाढतो, आणि अशी वस्तू पुढे दमट हवेत गेली म्हणजे एकदम फुगून शिवण ओढली जाते. क्रोम क्षारांनी कमावलेल्या कातड्याच्या बाबतीत अतिशुष्कतेचा आणखी एक दोष आहे. अशा हवेत, विशेषतः प्रकाश व उष्णता यांच्या संगतीने, निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियमपैकी अल्प अंश षट्संयुजी रूपात जाण्याचा संभव वाढतो, आणि हे रूप त्वचेस अपायकारक आहे. युरोपीय संघाने २०१५ सालापासून त्वचेशी संपर्क येणाऱ्या चर्मवस्तूंत त्याची मर्यादा किलोग्रॅमला ३ मिलिग्रॅम अशी घातली आहे. वनस्पतिजन्य टॅनिनांचा पुनःसंस्कार दिल्यास हा पालट रोखला जातो, ही गोष्ट हिरड्याच्या प्रदेशातील उद्योजकाने मुद्दाम लक्षात ठेवावी.

पिशवी कोणती घ्यावी, याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत कातड्याचा ओलावा कोंडला जातो. दिवसा मालमोटार तापते, रात्री घाटात थंड होते. तापलेल्या कातड्यातून सुटलेले बाष्प थंड झालेल्या पिशवीच्या आतील पृष्ठावर दवासारखे जमते आणि थेंब पुन्हा कातड्यावर पडतात. बुरशीस याहून अधिक अनुकूल स्थिती कोणती असणार? पेरूच्या बागाइतदाराला हे तत्त्व अनुभवाने ठाऊक असते. करंडीला भोके व तळाला पाला का असतो हे त्याला सांगावे लागत नाही. यास्तव आतील वेष्टन मांजरपाटाचे किंवा बिनरंगी, आम्लरहित पातळ कागदाचे असावे. मांजरपाट कोरा वापरू नये. त्याला विणताना दिलेली खळ धुऊन काढावी, नाहीतर तीच बुरशीचे पहिले खाद्य ठरते. गडद रंगाचे कापडही टाळावे, कारण ओलाव्याने त्याचा रंग फिक्या कातड्यावर उतरतो. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त म्हणून आत खुपसला जातो. त्याची शाई तेलकट असते व ती कातड्यावरील मेणाशी सहज एकजीव होते. कागदाबद्दल एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. ग्रंथालयांत जुन्या कागदपत्रांसाठी चुन्याचा अंश घातलेला अल्कधर्मी कागद वापरतात. कातडे स्वभावतःच किंचित आम्लधर्मी असल्यामुळे त्याला तो मानवत नाही. त्यास उदासीन कागदच हवा.

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या हाती पिशव्यांवर बंदी आली, व १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू बंद झाल्या. पुष्कळांनी याकडे संकट म्हणून पाहिले. चर्मवस्तूंच्या पुरते पाहता कायद्याने कारागिराला योग्य दिशेसच ढकलले, असे म्हणावे लागते.

बुरशीनाशक पुड्यांविषयी येथेच सांगून टाकतो. बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळणाऱ्या पुड्यांत काय असते हे विकणाराही पुष्कळदा सांगू शकत नाही. डायमेथिल फ्यूमरेट नावाचे द्रव्य अशा पुड्यांतून सोफ्यांच्या व बुटांच्या चामड्यात उतरल्यामुळे युरोपात अनेकांना त्वचेचे तीव्र विकार जडले आणि २००९ साली तेथे त्यावर बंदी आली. ज्या पुडीवर आतील द्रव्याचे नाव नाही ती वापरू नये. निळ्या रंगाचे सूचक सिलिका जेलही टाळणे बरे. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, व ते कर्करोगकारक द्रव्यांत गणले जाते.

काळा डाग

पाकिटांवरील काळ्यानिळ्या ठिपक्यांचे कारण वेगळे आहे, आणि ते आपल्या परंपरेला पूर्वीपासून माहीत आहे. हिरड्याचा काढा व हिराकस यांच्या संयोगाने काळी शाई व काळा रंग करण्याची कृती आपल्याकडे जुनी आहे. कापडावरील कलमकारीतही हिरड्याचा संस्कार व लोहाचा काळा रंग हीच जोडी दिसते. टॅनिन व लोह यांचे संयुग गर्द काळे-निळे असते, एवढेच त्यामागचे रसायन. आता ज्या कातड्यात हिरडा व बाभूळ मुरलेली आहे, त्याच्याजवळ लोखंड व थोडी ओल आणून ठेवली तर शाई आपोआप तयार होणार. हे लोखंड वेष्टनातच होते. पाकिटाला किमतीची चिठ्ठी स्टेपलरच्या पिनेने लावलेली होती, आणि बाहेरचा खोकाही तारेच्या टाक्यांनी शिवलेला होता. दमट हवेत पिना गंजल्या, आणि गंजातील लोह कातड्यात उतरले. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. हिरड्याने कमावलेल्या कातड्याचा बोटभर तुकडा किंचित ओला करून त्यावर साधी स्टेपल पिन रात्रभर ठेवावी. सकाळी पिनेची आकृती कातड्यावर उमटलेली दिसेल. क्रोम कातड्यावर तसाच प्रयोग केल्यास गंजाचा तांबूस डाग पडेल, पण ही शाई होणार नाही.

ताजा डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावाने निघू शकतो, असे चर्मोद्योगाची पुस्तके सांगतात व ते खरे आहे. परंतु रंग, पॉलिश व शिवण झालेल्या तयार वस्तूवर हा इलाज करणे म्हणजे डागाऐवजी फिकट चट्टा पत्करणे होय. म्हणून या वस्तूंच्या वेष्टनात लोखंड कोणत्याही रूपाने येऊ देऊ नये, हा नियम करावा. खोका तारेने शिवण्याऐवजी डिंकाच्या कागदी पट्टीने चिकटवावा किंवा घडीनेच बसणारा असावा. चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी. टाचणी वापरूच नये. अकोले तालुक्याच्या डोंगरात आदिवासी बांधव हिरडा गोळा करतात, आणि तो याच जिल्ह्यातून बाहेर जातो. स्थानिक हिरड्याचे कातडे हे येथील मालिकेचे वैशिष्ट्य ठरावयाचे असेल, तर हा नियम येथे इतर ठिकाणांहून अधिक कडक पाळावा लागेल.

पितळी बक्कल किंवा टिचबटण यांच्याबाबत दोष कातड्यातील चरबीचा असतो. चरबीतील आम्ले तांब्याशी संयोग पावून हिरवट, मेणचट थर तयार करतात. बक्कलाखाली कागदाची छोटी चकती घातली की काम भागते. पी.व्ही.सी.ची पारदर्शक खिडकी असलेले खोके दिसण्यात आकर्षक असतात खरे. पण त्यातील मृदुकारक द्रव्य पृष्ठावर येऊन कातड्याच्या लेपाला चिकटते. गिऱ्हाइकाला वस्तू दिसावी असे वाटत असेल तर खोक्याला उघडी फट ठेवावी.

खोक्याचे माप

खोका छापून देणारा मुद्रक एकाच मापाचे हजारो नग मागतो, आणि कारागिराला दोनशे हवे असतात. यात बहुतेकांचा उत्साह मावळतो. माझ्या मते यावर उपाय मापाच्या शिस्तीत आहे. सबंध मालिकेस एकच पाया ठरवावा. उदाहरणार्थ, १२ सेंटिमीटर हे मूळ माप धरले तर पाकिटासाठी १२ × १२ × ३, गुंडाळलेल्या कमरपट्ट्यासाठी १२ × १२ × ६ आणि बटव्यासाठी २४ × १२ × ६ असे तीन कोरे, तपकिरी पुठ्ठ्याचे खोके होतात. ३६ × २४ × २४ या आतील मापाच्या एका मोठ्या खोक्यात ४८ पाकिटे, किंवा २४ पट्टे, किंवा १२ बटवे मोकळी जागा न राहता बसतात, आणि त्यांचे मिश्रणही बसते. छपाई खोक्यावर न करता भोवती गुंडाळावयाच्या कागदी पट्टीवर करावी. ती स्क्रीनवर शंभर-दोनशे नगांतही परवडते व मालिका बदलली तरी खोके वाया जात नाहीत.

कमरपट्ट्याचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. पट्टा सरळ ठेवावा, घडी पडू नये, म्हणून काही जण लांबट खोका घेतात. ११५ × ६ × ४ सेंटिमीटरच्या अशा खोक्याचे आकारमान २७६० घन सेंटिमीटर भरते. पुष्कळ कुरियर संस्था आकारमानास ५००० ने भागून 'आकारमानी वजन' काढतात आणि ते प्रत्यक्ष वजनाहून अधिक असेल तर त्याप्रमाणे दर आकारतात. येथे ते ५५२ ग्रॅम होते. दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी असल्यास पट्टा पुढच्या टप्प्यात गेला. पट्टा व खोका मिळून प्रत्यक्ष वजन मात्र तीनशे ग्रॅमच्या आसपास असेल. तोच पट्टा गुंडाळून १२ × १२ × ६ च्या खोक्यात ठेवला तर आकारमानी वजन १७३ ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष वजनाच्या आत राहते. पण गुंडाळावा किती घट्ट? चार मिलिमीटर जाडीचा व ११० सेंटिमीटर लांबीचा पट्टा पाच सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीभोवती गुंडाळला तर वेटोळ्याचा व्यास सुमारे नऊ सेंटिमीटर होतो. बक्कल धरूनही तो बारा सेंटिमीटरच्या खोक्यात बसतो. सर्वांत आतल्या वेढ्यात कातड्याचा बाहेरचा पृष्ठ सुमारे सात टक्के ताणला जातो. नळी न घालता मुठीत धरून गुंडाळला आणि आतला व्यास अडीच सेंटिमीटर राहिला, तर हाच ताण चौदा टक्क्यांवर जातो. मे महिन्यात, कातडे वाळलेले असताना, असा गुंडाळलेला पट्टा दोन महिन्यांनी उघडल्यास पृष्ठावर बारीक चिरा दिसणे आश्चर्याचे नाही. ती साधी पुठ्ठ्याची नळी अनेकांना अनावश्यक खर्च वाटते. वेष्टनातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे मला कोणी विचारले, तर मी तिचेच नाव घेईन.

बाहेरील मोठा खोका पाच पदरी नालीदार पुठ्ठ्याचा असावा व त्याच्या नाळी उभ्या असाव्यात. पुठ्ठ्याची दाबसहनशीलता आर्द्रतेबरोबर झपाट्याने उतरते. पन्नास टक्के आर्द्रतेस जो भार खोका पेलतो त्याच्या सुमारे निम्माच तो नव्वद टक्क्यांस पेलतो. राहात्यात पाच खोक्यांची थप्पी करून पाहिली व ती टिकली, एवढ्यावरून ती भिवंडीच्या गोदामात जुलैत टिकेल असे समजू नये. तालुक्यात लोणी येथे १९५० पासून सहकारी साखर कारखानदारी उभी आहे, तेव्हा उसाच्या चिपाडाचा पुठ्ठा येथेच का होऊ नये असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. चिपाड कागदास उपयोगी पडते हे खरे आहे. तथापि त्याचे तंतू आखूड असल्याने फाटण्यास विरोध कमी असतो. ते मधल्या पदरास चालते, बाहेरच्या पदरास लांब तंतूंची जोड लागते. शिवाय कारखान्याच्या बाष्पकाला तेच चिपाड जळण म्हणून हवे असते, आणि वीजनिर्मितीमुळे त्याला किंमत आली आहे.

वेष्टनावरील शब्द

आतापर्यंतचा विचार वस्तू जपण्याचा झाला. वेष्टन वस्तूविषयी काही सांगतही असते, आणि येथे कायदा व प्रामाणिकपणा दोन्ही उभे राहतात. विक्रीपूर्वीच बांधलेल्या वस्तूंना २०११ चे वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम लागू होतात. उत्पादकाचे वा बांधणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, नगांची संख्या, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, एवढे तरी छापावेच लागते; अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे. गिऱ्हाइकासमोर सुटी वस्तू निवडून मग ती खोक्यात घालून दिली तर प्रश्न निराळा. पण टपालाने वा दुकानामार्फत विकणाऱ्याला यातून सुटका नाही. पत्त्यात आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे घालावे; २०२४ साली ते बदलले, आणि जुन्या नावाने छापलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे असणाऱ्यांना ते नव्याने छापावे लागले. कागदी पट्टीची युक्ती येथेही उपयोगी पडली असती.

नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्रातील चर्मवस्तू म्हटली की गिऱ्हाइकाच्या मनात 'कोल्हापुरी' हाच शब्द येतो. तो पट्टीवर घालण्याचा मोह कोणासही होईल. कोल्हापुरी चपलेस भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली असून तिचे क्षेत्र महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. अहिल्यानगर त्यात नाही. राहात्यात केलेल्या चपलेवर ते नाव छापणे हा १९९९ च्या कायद्याचा भंग होय. पाकीट किंवा पट्टा ही चप्पल नव्हे, तेव्हा अक्षरशः कायदा लागू पडेल की नाही याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. गिऱ्हाइकाची दिशाभूल होते एवढे मात्र निश्चित.

नाव दुसऱ्याने घेतले असता काय होते, हे कोल्हापूरच्या कारागिरांनी स्वतः अनुभवले आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन संस्थेने दाखविलेल्या सपाता उघडउघड कोल्हापुरी वळणाच्या होत्या. पण त्यांच्या उगमाचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात निषेध झाल्यावर संस्थेने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. याच सुमारास महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने कोल्हापुरी जोडांवर क्यूआर संकेत लावण्याची योजना पुढे आणली. फोनने तो टिपला की कारागीर किंवा बचतगट, जिल्हा व वापरलेला कच्चा माल यांची माहिती मिळावी असा तिचा उद्देश आहे. संवेष्टनाच्या अभ्यासकाने या योजनेकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते. पूर्वी वेष्टनावर फक्त व्यापाऱ्याचे नाव असे. शिवणाऱ्याचे नाव कोठेही नसे, आणि ते नसण्यात आपल्या समाजरचनेचा केवढा वाटा होता हे येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

राहात्याच्या मालिकेला नोंदणीकृत नाव नाही, म्हणून ती दुबळी ठरते असे नाही. संकेताच्या पट्टीवर 'अकोल्याच्या हिरड्याने कमावलेले', 'शेळीचे कातडे', 'हाताने शिवलेले, राहाता' अशी साधी व तपासता येण्याजोगी विधाने करता येतील. मात्र हिरडा खरोखरच अकोल्याचा असावा व कातडे खरोखरच त्या जनावराचे असावे. कातडे कोणत्या जनावराचे हे सांगण्यास पुष्कळ विक्रेते कचरतात. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलांच्या कत्तलीसही बंदी असल्याने म्हशीच्या व शेळीच्या कातड्याचे महत्त्व वाढले आहे. शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंपैकी अनेकांच्या दृष्टीने हा श्रद्धेचा प्रश्न असतो. तो विचारण्यापूर्वीच पट्टीवर उत्तर असले, तर कारागिराचा वेळ व गिऱ्हाइकाचा संकोच दोन्ही वाचतात. ज्याला कातडे मुळीच नको त्यालाही ते आधीच कळते.

या विषयावर प्रबंधिका लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवितो. त्याला महागडी उपकरणे लागत नाहीत. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा तराजू व एक आर्द्रतामापक पुरे. एकाच कातड्यातून कापलेली पाकिटे चार प्रकारे बांधावीत : हवाबंद प्लॅस्टिकमध्ये पुडीसह, हवाबंद प्लॅस्टिकमध्ये पुडीविना, धुतलेल्या मांजरपाटात, आणि नुसत्या उदासीन कागदात. निम्मी फेब्रुवारीत व निम्मी मे महिन्याच्या अखेरीस बांधावीत. प्रत्येक प्रकारचे काही नग राहात्यास आणि काही मुंबईस, शक्यतो समुद्राजवळच्या घरात, पलंगाखाली ठेवावेत, कारण गिऱ्हाईक तेथेच ठेवते. दर पंधरवड्यास वजन घ्यावे, खोका उघडू नये, आणि दसऱ्याला सर्व नग एकाच दिवशी उघडून पाहावेत.